पॅनेलवरचं दुसरं नाव

अबुधाबीच्या मराठी मंडळाच्या निवडणुकीत मधू टिपणीस चार वेळा उपाध्यक्षपदाला उभे राहिले. तीनदा निवडून आले, एकदा पडले. यात त्यांचं कर्तृत्व फारसं नव्हतं आणि दोषही नव्हता. मतपत्रिकेवर माणसाला मत देण्याची सोयच नव्हती. दोन पॅनेलं छापलेली असत आणि एका चौकोनात फुली मारायची असे. अध्यक्षाचं नाव ठळक अक्षरात, त्याखाली उपाध्यक्षाचं, मग बाकीच्यांची बारीक टायपात. वरचं नाव तरलं की खालची सगळी तरत.

टिपणीसांना घेतलं जाई ते रुवैससाठी. रुवैस अबुधाबी शहरापासून पश्चिमेला अडीचशे किलोमीटर. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला वाळू, मध्ये रिफायनरी आणि तिथल्या लोकांसाठी बांधलेली वसाहत. १९९४ साली त्या वसाहतीत अडतीस मराठी कुटुंबं होती. मंडळात कुटुंबाला एक मत. शहरातली मतं दोन्ही बाजूंना निम्मी-निम्मी जात. रुवैसची अडतीस मात्र एकाच बसमधून येत आणि एकाच चौकोनात पडत. तसं कोणी ठरवलेलं नव्हतं. अडीच-तीन तास एका बसमध्ये बसलेली माणसं उतरेपर्यंत एका मताची झालेली असत, इतकंच. म्हणून अध्यक्षपदाच्या उमेदवाराला रुवैसचा एक माणूस सोबत लागे. सहसा बोलणारा नको असे. टिपणीस बोलणारे नव्हते.

अध्यक्ष मात्र शहरातलाच. सभागृह शहरात, जाहिराती देणारे शहरात, वकिलातीतून येणारा पाहुणा शहरात. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहायची वेळच आली नव्हती.

रिफायनरीत ते पंपांच्या देखभालीचे सुपरवायझर होते. तुर्भ्याच्या रिफायनरीत उमेदीची वीस वर्षं काढून १९८७ साली ते इथे आले, तेव्हा पंचेचाळीस वर्षांचे होते. रिफायनरीत महत्त्वाच्या जागी पंप एकटा नसतो. शेजारी तसाच दुसरा बसवलेला असतो. पहिला चालतो, दुसरा, म्हणजे स्टँडबाय, उभा असतो. उभा राहून तो जाम होऊ नये म्हणून त्याचा दांडा अधूनमधून हाताने फिरवावा लागतो आणि पंधरवड्यातून एकदा त्याला काही तास चालवावं लागतं. हे काम टिपणीसांच्या विभागाचं. रिफायनरी दुरुस्तीसाठी बंद ठेवतात तेव्हाची, म्हणजे शटडाऊनची, कामं घेणाऱ्या कंत्राटदाराचा मॅनेजर रफिक हैदराबादचा होता. निवडणुकीचं पत्रक पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो म्हणाला, "मधूभाई, यहाँ भी स्टँडबाय? घर पे तो मेन हो ना?"

"घर पे तो स्पेअर पार्ट हूँ," टिपणीस म्हणाले.

डिसेंबर-जानेवारीत प्रचार चाले. गुरुवारी ड्यूटी संपली की ते गाडी काढत आणि अंधार पडायच्या सुमाराला शहरात पोचत. मग उमेदवाराबरोबर घरोघर. एका संध्याकाळी सात-आठ घरं होत. प्रत्येक घरात पोहे, नाहीतर साबुदाण्याची खिचडी, नाहीतर दोन्ही. नको म्हटलं तर मत गेलंच असं नाही, पण घरच्या बाईच्या मनात राही. उमेदवाराला बोलायचं असे. तोंडात घास असताना सभागृहाच्या भाड्याबद्दल बोलता येत नाही. म्हणून वाटणी ठरली होती. पहिल्याने बोलायचं, दुसऱ्याने खायचं. टिपणीस बशी रिकामी करत, "वहिनी, छान झालेत," म्हणत आणि पुढच्या घराकडे निघत. दुसरं काम त्याहून नाजूक होतं. विरुद्ध पॅनेलबद्दल जे उमेदवाराने बोलणं बरं दिसत नाही, ते दुसऱ्याने बोलायचं. टिपणीसांना ते आवडत नसे, म्हणून ते हळू आणि थोडं बोलत. त्यामुळे लोकांना ते खरं वाटे.

१९९६ साली विरुद्ध बाजूनेही रुवैसचाच एक माणूस उचलला. अडतीस मतं फुटली, टिपणीसांचं पॅनेल पडलं. परतताना बसमध्ये दोन गट दोन टोकांना बसले. पुढल्या वेळी रुवैसकरांनी आपसात मिटवून घेतलं आणि पुन्हा टिपणीसच उभे राहिले.

निवडून आल्यावर उपाध्यक्षाला काम एकच. आभार. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात दोन भाषणं असत. सुरुवातीला अध्यक्षांचं, शेवटी आभाराचं. अध्यक्ष बोलायला उभे राहत तेव्हा लोक नुकतेच बसलेले असत, बायकांच्या गजऱ्यांचा वास असे, मुलं अजून दमलेली नसत. आभाराच्या वेळी जेवणाचे डबे उघडल्याचा वास आलेला असे. लोक उठत, पर्स शोधत, मुलांना हाका मारत. टिपणीस मायक्रोफोनपाशी उभे राहून प्रकाशयोजनेचे, ध्वनियोजनेचे, बटाटेवडे पुरवणाऱ्याचे आभार मानत आणि समोर पाठी दिसत.

त्यांना एकदा सुरुवातीला बोलायचं होतं.

हे त्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं. बायकोला, मनोरमाला, न सांगता कळलेलं होतं. एकदा दिवाळीच्या कार्यक्रमातून परतताना ती म्हणाली, "आज अध्यक्षांनी फारच पाल्हाळ लावलं."

"मुद्दे चांगले होते. क्रम चुकला," टिपणीस म्हणाले आणि वाटेतलं मिर्फा येईपर्यंत क्रम कसा हवा होता ते सांगत राहिले.

जानेवारी २००० मध्ये राजन कोरगावकर अध्यक्षपदाला उभा राहिला. वय शेहेचाळीस, एका बांधकाम कंपनीत प्लॅनिंग इंजिनिअर, बोलण्यात तरबेज. त्याला ॲसिडिटी होती, त्यामुळे टिपणीसांवरचा भार वाढला. "मधूभाऊ, तुम्ही आहात म्हणून मी निवडणूक लढवतोय," तो जिन्यात म्हणायचा. "माझं पोट म्हणजे अपक्ष उमेदवार आहे, ते कुणाचं ऐकत नाही." पॅनेल एकवीस मतांनी आलं. अडतीस वजा केली तर पडलं असतं, हे दोघांनाही माहीत होतं.

टिपणीसांची साठी डिसेंबर २००१ मध्ये होती. त्या महिन्यात नोकरी संपणार, नोकरीबरोबर व्हिसा आणि व्हिसाबरोबर देश. पुढची निवडणूक जानेवारी २००२ मध्ये. म्हणजे हीच शेवटची.

२००० सालच्याच सप्टेंबरच्या मध्यावर, एका शुक्रवारी दुपारी, राजन आणि त्याची बायको सुहासिनी रुवैसला आले. निवडून आल्यापासून तो पहिल्यांदाच येत होता. येताना त्याने मिठाईचा मोठा खोका आणला होता, त्यावरूनच मनोरमाला काहीतरी बिनसल्याचं कळलं. तिने पोहे केले. राजनने पहिली बशी संपवली. तिने विचारलं, तर दुसरीही घेतली.

"ॲसिडिटी?" टिपणीसांनी विचारलं.

"बरी आहे आता," राजन म्हणाला. जरा वेळाने म्हणाला, "मधूभाऊ, आमचा प्रोजेक्ट बंद झाला. खलास. एक महिन्याची नोटीस दिलीय. महिन्याच्या आत दुसरी नोकरी, नवीन स्पॉन्सर मिळाला तर ना-हरकत पत्र देतो म्हणालेत, ट्रान्सफर होईल. नाही मिळाला तर व्हिसा कॅन्सल, आणि घरी."

"मुलाचं बारावीचं वर्ष आहे," सुहासिनी म्हणाली. "निनादचं. मध्येच कुठे नेऊ त्याला?"

राजनने प्लास्टिकच्या फोल्डरमधला बायोडेटा टीपॉयवर ठेवला. "तुमचा तो कंत्राटदाराचा माणूस आहे ना, रफिक. शटडाऊनला त्यांना प्लॅनर लागतात. तुमचा शब्द तो खाली पडू देणार नाही."

"देतो की," टिपणीस म्हणाले. "उद्याच देतो."

ते गेल्यावर मनोरमाने बशा उचलल्या. दोन्ही बशा चमच्याने खरवडल्यासारख्या स्वच्छ होत्या.

रविवारी शहरातून फोन आला. मंडळाचा चिटणीस सुजीत होता. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. "वाईट झालं राजनचं," तो म्हणाला, आणि तेवढाच वेळ थांबून पुढे म्हणाला, "मधूभाऊ, घटना काढून बघितली. कलम अकरा. अध्यक्ष कायमचे देश सोडून गेल्यास उरलेल्या मुदतीपुरते उपाध्यक्ष हे अध्यक्ष होतील. क्लिअर आहे. वर्ष-सव्वा वर्ष मिळतंय तुम्हाला. दिवाळीचा कार्यक्रम ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी. भाषणाची तयारी ठेवा."

"मी रुवैसला असतो," टिपणीस म्हणाले.

"कलमात रुवैस-बिवैस काही नाही."

हे कलम कोणी घातलं ते आता कोणाला आठवत नव्हतं. भारतातल्या मंडळांच्या घटनेत अध्यक्षाच्या मृत्यूची तरतूद असते. इथे माणसं मरण्याआधी जात.

फोल्डर टिपणीसांच्या गाडीत होतं. शनिवारी रफिक साइटवर नव्हता, हे खरं होतं. रविवारी होता, पण घाईत होता. सोमवारी चहाच्या वेळी तो समोर बसला आणि स्वतःच म्हणाला, "मधूभाई, एक प्लॅनर चाहिए. शटडाऊन सर पे है. कोई है आपकी नजर में?"

टिपणीसांनी चहाचा घोट घेतला. तो गरम होता.

"देखता हूँ," ते म्हणाले.

त्या आठवड्यात त्यांनी भाषण लिहिलं. चार पानं झाली. लिहायला त्रास पडला नाही. सात वर्षं ते मनात दुसऱ्यांची भाषणं दुरुस्त करत आले होते. इथे वाढणाऱ्या मुलांच्या मराठीबद्दल त्यांनी तक्रार केली नाही, जी दर अध्यक्ष करत असे. मुलं जे बोलतात ते ऐकून घेऊ, असं लिहिलं. रिफायनरीच्या चिमणीवर रात्रंदिवस जळणाऱ्या मशालीबद्दल लिहिलं, जी वसाहतीतल्या प्रत्येक खिडकीतून दिसते आणि जिच्याकडे कोणी बघत नाही. कोणाचेही आभार मानले नाहीत. लिहून झाल्यावर मोजून वाचलं, अकरा मिनिटं लागली. पहिला परिच्छेद त्यांनी तीनदा बदलला. शेवटी तो असा राहिला: 'आपले अध्यक्ष श्री. राजन कोरगावकर यांना अचानक हा देश सोडून जावं लागलं. त्यांची उणीव आपल्याला जाणवत राहील. त्यांची जबाबदारी आज माझ्याकडे आली आहे.'

मनोरमा एकदाच म्हणाली, "अहो, त्या राजनचं काय झालं?"

"रफिक बिझी आहे."

ती पोळ्या लाटत राहिली. त्या दिवशी त्या जरा जाड झाल्या.

राजनचा फोन दोनदा आला. दोन्ही वेळा तो घाई करत नव्हता, आवाजाला ताण पडू नये याची काळजी घेत होता. "काही नाही, सहज केला," म्हणाला. "इन्शाल्ला, होईल काहीतरी." टिपणीस म्हणाले, होईल. खोटं बोलल्यासारखं त्यांना वाटलं नाही. काहीतरी होणारच होतं.

अकराव्या दिवशी, मंगळवारी, ते मुलीला, मैथिलीला, शाळेतून आणत होते. तीही बारावीत होती. पुढच्या सीटवर बसताना तिने दप्तर ठेवायला जागा केली आणि सीटखालून फोल्डर वर आलं. आठ महिन्यांपूर्वी प्रचाराची पत्रकं तिनेच घडी घालून दिली होती. बायोडेटावरचा फोटो तिला ओळखता आला.

"बाबा, धिस इज राजन अंकल्स, राइट?"

"हो."

"यू स्टिल हॅव इट?"

टिपणीसांनी आरशात पाहिलं. मागे रस्ता रिकामा होता. "द्यायचाय," ते म्हणाले.

"ओके," मैथिली म्हणाली. तिने फोल्डर होतं तिथे, सीटखाली, नीट सरकवून ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत बसली. घर येईपर्यंत तिने काहीही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांच्याकडे उत्तर तयार होतं.

बुधवारी सकाळी सात वाजता ते रफिकच्या पोर्टाकेबिनमध्ये गेले. रफिकने बायोडेटा चाळला, शेवटच्या पानावर सहीखालची तारीख पाहिली, चष्म्यावरून टिपणीसांकडे पाहिलं. "आदमी तो बढिया है," तो म्हणाला. "पहले किधर था ये?"

"मेरे पास," टिपणीस म्हणाले.

रफिकने मान हलवली. दोन माणसं त्याने पाहिली होती, दोन्ही नापसंत केली होती. जागा अजून रिकामी होती. यात टिपणीसांचा काही भाग नव्हता. "यल्ला, चलो," रफिक म्हणाला, "कल भेज दो."

व्हिसा बदलून झाला तेव्हा राजनच्या नोटिशीचे चार दिवस उरले होते. निनादची शाळा म्हणून सुहासिनी शहरात राहिली. राजन रुवैसला कंपनीच्या क्वार्टरमध्ये आला आणि टिपणीसांकडे जेवू लागला. सुजीतने फोन करून कलम अकरा लागू होत नसल्याचं कळवलं, जरा वैतागलेल्या आवाजात. कोणीतरी कार्यकारिणीत विचारलं की अध्यक्ष रुवैसला राहिला तर कसं चालणार. मुदत चालू होती म्हणून चालवून घ्यायचं ठरलं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी दुपारी ते चौघं एका गाडीतून दिवाळीच्या कार्यक्रमाला निघाले. टिपणीस चालवत होते, राजन शेजारी, मनोरमा आणि मैथिली मागे. मैथिलीच्या कानात वॉकमनचे इअरफोन होते. मनोरमाच्या मांडीवर चकल्यांचा डबा होता. राजन म्हणत होता की दिवसाला बारा तास शटडाऊनचे तक्ते करतोय, भाषणाला वेळच झाला नाही, स्टेजवर उभं राहिलं की सुचेल.

"पेन आहे का? चार मुद्दे तरी काढतो," असं म्हणून त्याने समोरचा खण उघडला. पेन मिळालं. पेनाबरोबर चार पानं बाहेर आली.

टिपणीसांना दिसलं. रस्ता सरळ होता, दोन्ही हात चाकावर होते.

राजनने पहिला परिच्छेद मोठ्याने वाचायला सुरुवात केली. 'देश सोडून जावं लागलं' इथपर्यंत आला आणि पुढचं मनात वाचलं. मागून चकल्यांच्या डब्याचं झाकण वाजलं आणि थांबलं. राजनने चारही पानं वाचली. घाईने नाही. तरीफचा फाटा मागे गेला.

"कधी लिहिलंत?" त्याने विचारलं.

"सप्टेंबरात."

"आणि बायोडेटा कधी दिलात रफिकला?"

टिपणीसांनी इंडिकेटर लावला, पुढच्या टँकरला मागे टाकलं, पुन्हा उजव्या पट्ट्यात आले. "तुम्ही घरी दिलात त्यानंतर बाराव्या दिवशी," ते म्हणाले. "रफिकने मध्ये एकदा स्वतःहून विचारलं होतं. मी देखता हूँ म्हणालो."

राजन समोर बघत होता. रस्त्याकडेला उंटांसाठी लावलेलं कुंपण बराच वेळ गाडीबरोबर पळत राहिलं.

"मी तुमच्या जागी असतो," तो शेवटी म्हणाला, "तर महिनाभर ठेवून घेतला असता."

मनोरमाने पुढे डबा केला. राजनने एक चकली घेतली, तोडली, अर्धी टिपणीसांना दिली.

"तुम्हीच बोला आज," थोड्या वेळाने तो म्हणाला. "तुम्ही लिहिलंय."

"तसं नाही चालत. सुरुवातीला अध्यक्ष बोलतात."

"मी सांगतो सुजीतला."

"नको," टिपणीस म्हणाले. "पहिला परिच्छेद तेवढा काढा. बाकीचं तुम्हाला चालेल."

राजनने पानं मांडीवर ठेवली आणि पहिल्या परिच्छेदावर तिरपी रेघ मारली. मग थोडा विचार करून आणखी दोन आडव्या मारल्या, खालचं वाचता येऊ नये अशा.

सभागृह भरलं होतं. राजन बोलायला उभा राहिला तेव्हा लोक नुकतेच बसले होते. टिपणीस स्टेजवर दुसऱ्या खुर्चीत होते. राजन चांगलं वाचायचा. जिथे त्यांनी थांबा योजला होता तिथे तो थांबला, एका ठिकाणी नाही थांबला आणि तिथे वाक्य वाया गेलं. मशालीचा भाग आला तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या रुवैसच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मुलांच्या मराठीबद्दलच्या वाक्याला मागच्या बाजूने, जिथे कॉलेजची मुलं उभी होती, कोणीतरी शीळ घातली. टाळ्या नेहमीपेक्षा लांबल्या. टिपणीसांनीही वाजवल्या. त्यांना समोरचे चेहरे दिसत होते, सगळे, पहिल्या रांगेपासून दारापर्यंत. मैथिलीने कानातले इअरफोन काढलेले होते.

तीन तासांनी त्यांनी आभार मानले. प्रकाशयोजनेचे, ध्वनियोजनेचे, बटाटेवड्यांचे. अध्यक्षांच्या विचारप्रवर्तक भाषणाचे. समोर पाठी होत्या.

डिसेंबर २००१ मध्ये टिपणीस निवृत्त झाले आणि डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. मैथिली पुण्याला शिकत होती. फेब्रुवारीत एका ओळखीच्या माणसाबरोबर सुजीतने मंडळाचा अंक पाठवला. त्यात निवडणुकीचं पत्रक घडी करून ठेवलेलं होतं. अध्यक्षपदाला शहरातला एक नवा माणूस उभा राहिला होता आणि त्याचं पॅनेल आलं होतं. नाव ठळक अक्षरात होतं. त्याच्याखाली होतं: उपाध्यक्ष, राजन कोरगावकर, रुवैस.

टिपणीसांनी ते मनोरमाला दाखवलं. तिने चष्मा लावून वाचलं.

"सगळ्या घरांतले पोहे झेपले असतील का हो त्याला?" ती म्हणाली.

"झेपतात," टिपणीस म्हणाले.

त्यांनी पत्रकाची घडी होती तशीच पुन्हा घातली आणि अंक वाचायला घेतला. अध्यक्षीय मनोगत त्यांनी आधी वाचलं. मुद्दे बरे होते. क्रम चुकला होता.